वजन कोण सरकवलालंय?

अंबादास, ते पत्र मी लिहिलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाहेरच्या खोलीत, देवांच्या फोटोंच्या रांगेत अगदी शेवटी, काचेच्या चौकटीत एक इंग्रजी पत्र सहा वर्षं लटकतंय. परदेशातल्या त्या मोठ्या प्राध्यापकांनी तुला पाठवलेलं पत्र. ते त्यांनी पाठवलेलं नाही. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत, प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन मी ते टाइप केलं. खालची सहीही माझीच. पहिल्या दोन सह्या माझ्या अक्षराच्या वळणावर गेल्या म्हणून फाडल्या, तिसरी जमली. मग त्या कागदाची झेरॉक्स काढली, म्हणजे पत्र ईमेलनं आलंय आणि मी फक्त प्रिंट काढलीय असं वाटावं. तुला तसं वाटलं. सगळ्यांना तसंच वाटलं.

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. आपल्या विज्ञान मंडळाच्या पत्रिकेत तुझ्यावर लेख लिहायला मला सांगितलंय. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं सर, असं म्हणाले. दोनदा लिहायला बसलो. यंत्रमागावर काम करता करता विश्वरचनाशास्त्र शिकलेला माणूस, दहावी झालेला आणि व्याख्यात्यांना घाम फोडणारा, वगैरे. सगळं खरं होतं आणि एकही ओळ मला पुढं वाचवेना. म्हणून हे असं, थेट तुझ्याशीच.

आपली ओळख फुग्यावरून झाली. शहराच्या पूर्व भागातल्या वाचनालयात माझं व्याख्यान होतं, विश्वाच्या प्रसरणावर. मी फुग्यावर शाईचे ठिपके काढले आणि फुगा फुगवला. ठिपके जागचे हलत नाहीत, मधलं रबर ताणतं, म्हणून ते एकमेकांपासून लांब जातात. दीर्घिकांचं तसंच आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून तू उठलास. शर्टाच्या बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. म्हणालास, "सर, ठिपके पण मोठे होलालेत की." लोक हसले. मीही हसलो, आणि उदाहरण म्हणजे उदाहरणच असतं असं काहीतरी बोलून खाली बसवलं तुला.

पुढच्या रविवारी तू पत्ता शोधत माझ्या घरी आलास. खिशातून पांढऱ्या इलॅस्टिकची हातभर पट्टी काढलीस. तिच्यावर चार-चार बोटांवर शर्टाची बटणं, प्रत्येक बटण एकाच टाक्यावर धरलेलं. ओढून बघा म्हणालास. मी ओढली. पट्टी लांबली, बटणं होती तेवढीच राहिली. दीर्घिका स्वतः फुगत नाहीत, मधली जागा वाढते, हे मी पंधरा वर्षं शिकवत होतो. हाताला ते त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

ती पट्टी अजून माझ्या बॅगेत आहे. त्यानंतरच्या प्रत्येक व्याख्यानात मी ती वापरली. ती कुणाची कल्पना, हे एकदाही सांगितलं नाही. एकदा तर तू स्वतः समोर बसला होतास, तरी नाही. तू मात्र शेजारच्याला कोपर मारून सांगत होतास की ती बटणं आमच्या हिच्या डब्यातली हायत. तुला त्याचाच आनंद. मोठ्या चोरीच्या आधी माणूस अशी छोटी चोरी करून बघतो, आणि कुणी काही बोलत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपण एका वयाचे. मी पहिल्या दिवसापासून तुला अरे-तुरे केलं, तू शेवटपर्यंत मला 'सर' आणि 'तुम्ही'. मी नातेपुत्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. घरी मला कुणी कधी अहो-जाहो केलेलं नव्हतं. तुझ्या तोंडून ते ऐकायला बरं वाटायचं. मला नावानं हाक मार, असं म्हणायला चार शब्द लागले असते.

अक्कलकोट रोडवरच्या चादरीच्या कारखान्यात तू जॉबर होतास. माग बिघडला की दुरुस्त करायचा आणि नव्या मालाची सेटिंग लावून द्यायची, हे तुझं काम. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून तुझे कान निम्मे गेले होते. तू समोरच्याचे ओठ वाचायचास. म्हणून तुझ्याशी बोलताना तोंड फिरवून चालायचं नाही. कारखान्यासमोरच्या हॉटेलात, रविवारी सकाळी, दोन कप चहावर दोन-दोन तास आपण समोरासमोर बसायचो. मी मुळात अबोल माणूस. बायको गेली, मुलगा पुण्याला. आठवडाभरात वर्गाबाहेर माझं जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक तुझ्याशीच.

तुला मी सांगितलं ते दूरच्या स्फोट होणाऱ्या ताऱ्यांबद्दल. हिशेबानं जेवढे उजळ दिसायला हवेत त्याहून ते मंद दिसले, म्हणजे ते अंदाजापेक्षा लांब आहेत. म्हणजे विश्वाचं पसरणं गुरुत्वाकर्षणानं हळू होत जाण्याऐवजी उलट वाढत चाललंय. त्यामागं जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात, कारण काय आहे ते कुणालाच माहीत नाही. तू "अवुना?" म्हणालास. एरवी तू माझ्याशी मराठीच बोलायचास, पण एखादी गोष्ट खोल लागली की तुझ्या तोंडून तेलुगूच निघायचं. खरंच का, एवढाच त्याचा अर्थ. पण तू तो शब्द असा म्हणायचास की मला वाटायचं, ही बातमी मी स्वतः जाऊन आणलीय.

मग मी विश्वस्थिरांक सांगितला. बहुतेकांचं मत असं की ही ऊर्जा रिकाम्या जागेचाच गुण आहे. जागा वाढली तरी ती पातळ होत नाही. प्रत्येक घनमीटरात काल होती तेवढीच आज, आज आहे तेवढीच उद्या.

इथं तू अडलास आणि पुढची चार वर्षं अडलेला राहिलास.

पुढच्या रविवारी तू मला हात धरून कारखान्यात नेलंस. मागाच्या पाठीमागं सुताचा मोठा रूळ असतो, तो बीम. त्याच्यावरून सूत उलगडत पुढं येतं. ते सैल पडू नये म्हणून बीमाला वजन टांगून अडवलेलं असतं. तू खडखडाटात माझ्या कानाला लागून ओरडून सांगितलंस की बीम भरलेला असतो तेव्हा एक ताण असतो. सूत संपत जातं, बीम बारीक होतो, आणि तेच वजन तसंच ठेवलं तर ताण वाढत जातो, सूत तुटायला लागतं. म्हणून दर काही तासांनी कुणीतरी येऊन वजन थोडं सरकवायचं असतं. मग बाहेर आल्यावर, चहा यायच्या आधीच, तू विचारलंस, "ताण सारखा ठिवायला पण माणूस लागतोय. तुमच्या तितं वजन कोण सरकवलालंय, सर?"

मी म्हणालो, तिथं बीम नाही, सूत नाही. नवी जागा आपली ऊर्जा घेऊनच येते.

तू म्हणालास, तुमचं देवासारखं झालं की. कुटं हाय विचारलं तर सगळीकडं, आणि कशामुळं हाय विचारलं तर हाय म्हणून हाय.

मी चिडून म्हणालो, मग विश्व तुझ्या मागावर चढव आणि चादर काढ त्याची. तू शांतपणे म्हणालास, काढली असती, पण काठ कुटं संपवायचा ते तुम्ही लोक सांगत नाही.

असं चार वर्षं. तुझं म्हणणं एवढंच होतं की स्वतःहून सारखं राहणारं काही तू बघितलेलं नाहीस. ही ऊर्जा बदलत असणार, आज जोरात रेटत असेल, पुढं ढिली पडेल. माझं म्हणणं, मागावरून विश्वाचे नियम ठरत नाहीत. मी आजही तेच म्हणेन. तू बरोबर होतास असं हा लेख सांगत नाही. पण तू हे चौकटीच्या कागदावर उतरवलंस, ज्यावर चादरीची नक्षी काढतात त्या कागदावर, अकरा पानं, आकृत्यांसह. मासिकात ज्यांचा लेख वाचला होतास त्या परदेशातल्या प्राध्यापकांना ती पाठवायची, असं तू ठरवलंस. इंग्रजी मी करायचं. मी हो म्हणालो.

सहा पानं मी मनापासून केली, अंबादास. सातव्यावर थांबलो. सातव्या पानावर तू एक प्रश्न विचारला होतास आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी पुस्तकं काढली, नव्हतं. स्वतःला मी नंतर मनातल्या मनात एक कारण सांगत आलो: भाषांतरकार म्हणून खाली माझं नाव आणि कॉलेज आलं असतं, स्टाफरूममध्ये हसले असते. तेही होतंच. पण खरं कारण वेगळं. तुझा विचार मोडीत निघेल याची मला भीती नव्हती. ते तुला उत्तर लिहितील याची होती. वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून माझा स्वतःचा म्हणावा असा एक प्रश्न माझ्याजवळ नव्हता, आणि तुझ्याकडं अकरा पानं होती.

तुला मात्र पाठवलं म्हणून सांगितलं. आठ महिने दर रविवारी तू हॉटेलात शिरतानाच लांबून माझ्या ओठांकडं बघायचास. तू तोंडानं विचारायचा नाहीस. मी मान हलवायचो, तू बसायचास, मग आपण चहा सांगायचो. ते मला सोसेना. खरं सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून मी उत्तरच तयार केलं.

लिहिताना मला वाटलं होतं मी दयाळूपणा करतोय. आपण आपल्या कल्पनेबद्दल कळवलंत याबद्दल आभार. मात्र आजवरची निरीक्षणं पाहता ही ऊर्जा स्थिर मानणंच योग्य. बीमाचं आपलं उदाहरण सुंदर आहे, त्यानं मला एक नवी गोष्ट शिकवली. आपला, आणि सही.

हॉटेलात मी ते तुला वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठी करत, ओठ नीट हलवत. बीमाचं वाक्य तू तीनदा वाचायला लावलंस.

"म्हणजे वजन कोणीच सरकवत न्हाय."

"नाही," मी म्हणालो.

"बरं. सही झाली की मग."

तुझ्या या शब्दांचा अर्थ मला त्या दिवशी कळायला हवा होता. तूच मला एकदा सांगितलं होतंस. नव्या चादरीचा नमुना आधी विणतात आणि व्यापारी त्या तुकड्यावर सही करतो. एकदा सही झाली की जॉबरनं आपली अक्कल चालवायची नाही. वीण सैल वाटो, रंग डोळ्यांत जावो, माल नमुन्याप्रमाणंच निघाला पाहिजे. तुझा एक आवडता काठ असाच गेला होता. मी म्हणालो होतो, तुला दिसतंय ना चुकतंय ते, मग बदल की. तू म्हणालास, सही झालीय, आता हात लावायचा नसतोय. मला वाटलं होतं पत्र आल्यावर तू चिडशील, दुप्पट भांडशील, आणखी अकरा पानं लिहिशील. मी मास्तर माणूस. मला वाटतं उत्तर आलं की वाद पुढं जातो. तुझ्या धंद्यात सही आली की वाद संपतो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम खाजवलं. बीमाचं काय मग, म्हटलं. तू म्हणालास, त्ये मिटलं की. वाचनालयात पोरांना तू सांगायला लागलास, स्थिरांक म्हणजे स्थिर, त्यात आपलं डोकं घालायचं नाही. माझंच वाक्य तुझ्या तोंडून ऐकताना मला कसं झालं ते मी तुला कसं सांगू. समोर तू, हातात कप, आणि टेबलाच्या पलीकडं वाद घालायला कुणी नाही. तू नाराज नव्हतास, उलट मला आणखी मान द्यायला लागलास. तुझ्या पट्टीवर बटणं कुठं जात नाहीत, नुसतं मधलं इलॅस्टिक वाढतं. आपलं तसंच झालं. दर रविवारचे दोन तास एक झाले, मग अर्धा, मग महिन्यातून एकदा. कुणी कुणाला सोडलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती बातमी आली. लाखो दीर्घिकांची अंतरं मोजून नकाशा करणाऱ्यांना असं दिसतंय की कृष्ण ऊर्जा कदाचित स्थिर नसावी, काळाबरोबर ती क्षीण होत असावी. अजून पक्कं काही नाही. पुढच्या मोजमापात ते पुसलंही जाईल. पण तुझा प्रश्न आता जगातले मोठे लोक विचारत होते. मी मोबाइलवर ते वाचलं आणि तसाच तुझ्याकडं निघालो. वाटेत मी ठरवलं होतं की आज सगळं सांगायचं.

तू तेव्हा घरीच असायचास. तीस वर्षांचा कापूस छातीत बसला होता, जिना चढवत नव्हता. पद्मावहिनी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. मी तुझ्यासमोर खुर्ची ओढून मोठमोठ्यानं सांगितलं, अंबादास, ती ऊर्जा बदलतीय असं म्हणायला लागलेत, तुझंच म्हणणं. तू "अवुना?" म्हणाला नाहीस. उठलास, धापा टाकत ती चौकट भिंतीवरून काढलीस, शर्टानं काच पुसलीस आणि माझ्यासमोर धरलीस.

"बातम्यावाले काय पण लिवतात, सर. ह्ये बघा, सही हाय."

"अरे पण तुझं म्हणणं..."

"माझं कुटलं? माझं चुकलं होतं. तुम्हीच वाचून दाखवलात की."

तो क्षण होता. तू माझ्या ओठांकडंच बघत होतास. वहिनी म्हणाल्या, सर, चहा घेणार का कॉफी. मी चहा म्हणालो. चहा प्यालो. तुझ्या मुलीच्या, श्रावणीच्या बी.एड.ची चौकशी केली. घरी आलो.

अंबादास, चुकीचा ठरण्याचासुद्धा तुझा एक हक्क होता, जाणत्या माणसाकडून, तुझी अकरा पानं वाचलेल्या माणसाकडून. तो मी काढून घेतला. त्याच्या बदल्यात तुला एक काच दिली.

आता शेवटचं. तुझ्या शोकसभेला, त्याच वाचनालयात, तुझ्या फोटोशेजारी हार घालून ती चौकट ठेवली होती. लोक बोलले. मग श्रावणी ती चौकट घेऊन माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, तुम्ही वाचा. नानांना तुम्हीच पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं." सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी वाचलं, अंबादास. एकेक वाक्य मराठी करत, ओठ नीट हलवत. माझा आवाज कापला नाही, हे तुला सांगायलाच हवं. बीमाच्या वाक्याशी वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या.

घरी आल्यावर कळलं की त्या पत्रात तेवढं एकच वाक्य खरं आहे. बीमाचं उदाहरण सुंदर होतं आणि त्यानं मला एक नवी गोष्ट शिकवली होती. मला, त्या प्राध्यापकांना नव्हे. हे वाक्य तुला कुणा परदेशातल्या माणसाकडून नको होतं बहुधा. तू तीनदा वाचायला लावलंस तेव्हा तू कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होतास. तेवढं तरी मी माझ्या नावानं म्हणायला हवं होतं.

रविवारी मी अजून त्या हॉटेलात जातो. पोऱ्या न विचारता दोन कप आणून ठेवतो. मी त्याला सांगत नाही.

या रविवारी जाणार नाही. तुझ्या घरी जाणार आहे. पद्मावहिनी आणि श्रावणी यांच्यासमोर बसून हा लेख पहिल्यापासून वाचणार आहे, कप पुढं आला तरी न थांबता. ती चौकट भिंतीवर ठेवायची की उतरवायची ते त्या ठरवतील. मला दारातून परत फिरवायचं की नाही, तेही. त्यानंतरच लेख छापायला जाईल.

तुझे चौकटीचे कागद माझ्या कपाटात वरच्या खणात आहेत, एकही गहाळ नाही. आता ते खरंच पाठवणार आहे, आणि त्यावर तुझं एकट्याचं नाव असेल. अकरापैकी सहा पानांचं इंग्रजी तेव्हाच झालं होतं. पाच पानं मी तुला देणं लागतो.